एकसष्ट डाव रद्द

शुक्रवार, ९ मार्च २००७. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं.

चाचा, त्या वेळी तुमच्या यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात मी एकटी होते. शुक्रवार असल्यामुळे लूम बंद होते. तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले होते. तुमचं वेगवान कॉम्प्युटरचं मशीन मी सुरू केलं. चार मिनिटांत ते आपोआप बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद पडलं. मग स्क्रू काढून त्याचा बाजूचा पत्रा उघडला. प्रोसेसर गार ठेवायला त्याच्यावर एक धातूची जाळी असते आणि तिच्यावर पंखा. त्या जाळीत लूमवरून उडणाऱ्या कापसाच्या रुईचा थर गच्च बसला होता. बोटांनी ओढला तर तो सलग निघाला, जाड कापडाच्या तुकड्यासारखा.

तो हातात धरूनच मी हिशेब लावला. आपल्या बुद्धिबळाच्या सामन्याचे एकसष्ट डाव खोटे ठरले होते, आणि ते तुम्हाला सांगायची वेळ टळून गेली होती.

मी मुद्द्यावर यायला वेळ लावत नाही, असं तुम्ही म्हणायचात. तर मुद्दा हा: ज्या आकड्याच्या जोरावर तुम्ही माझ्यापुढे हार मानलीत, तो आकडा चुकीचा होता. चूक माझी होती. हे लिहिते आहे ते एवढं नोंदवण्यासाठी. बाकीचं जे त्याच्यासोबत येईल, त्याला मी अडवणार नाही.

तुमची-माझी ओळख झाली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबांचा टेम्पो तुमच्या कारखान्यातून कापडाचे तागे दापोड्याच्या गोदामात न्यायचा. शाळेला सुट्टी असली की मी खारबावहून त्यांच्यासोबत यायचे. तागे चढेपर्यंत मला ऑफिसात बसवलं जायचं. टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा आणि तुम्ही स्वतःशीच खेळत असायचात. पहिल्या दिवशी तुम्ही मान वर न करता विचारलंत, "येतो काय गो खेळायला?" मी म्हटलं, येतो. अकराव्या खेळीला माझा राजा अडकला. मी एक खेळी मागे घ्यायला हात पुढे केला, तर तुम्ही पट स्वतःकडे ओढलात. "हरलीस तर हरलीस. कशानं हरलीस ते सांग, मग दुसरा डाव मांडतो."

ते शोधायला मला वीस मिनिटं लागली. बाबा दोनदा हाका मारून गेले. पुढे कॉलेजात प्रयोगशाळेत जे जे शिकवलं गेलं, त्यातलं निम्मं मी त्या वीस मिनिटांत शिकून बसले होते, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही फुशारून गेला असतात.

बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहायचं मी ठरवलं तेव्हा बाबा म्हणाले, "पोरीला मान्सं कमी परली का खेलाला?" तुम्ही मात्र दोनच प्रश्न विचारलेत: तो विचार कसा करतो, आणि किती भरभर करतो. मी कागदावर काढून दाखवलं. आपली खेळी, मग समोरच्याची शक्य ती प्रत्येक खेळी, मग त्या प्रत्येकीवर आपली. फांद्यांना फांद्या फुटत जातात, आणि प्रोग्रॅम एका फांदीच्या टोकापर्यंत जाऊन मागे फिरतो, मग दुसऱ्या फांदीत शिरतो. तुम्ही बोट त्या रेघेवरून पुढे-मागे फिरवलंत आणि म्हणालात, "म्हणजे धोटाच की हा. लूमवर बाण्याचा आडवा धागा घेऊन जातो आणि येतो." तेव्हापासून त्याचं नाव धोटा.

डिसेंबर २००५. पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रोग्रॅमांची स्पर्धा होती. आठ महाविद्यालयं, आठ प्रोग्रॅम. प्रत्येकानं आपापलं मशीन आणायचं आणि प्रोग्रॅम सांगेल ती खेळी पटावर हातानं करायची. एसटीत माझं मशीन चादरीत गुंडाळून तुम्ही मांडीवर घेतलंत. वर ठेवा म्हटलं तर म्हणालात, "हादऱ्यानं लूमचे नट ढिले होतात, तर ह्याचे नाय होणार?" पाच तास तुम्ही पाय हलवला नाहीत. सभागृहात एका मुलानं आदरानं विचारलं, "सर, आपण कुठल्या कॉलेजचे?" तुम्ही टोपी सारखी करत सांगितलंत, "लूम कॉलेज, भिवंडी. चाळीस वर्षं झाली, अजून पास नाय झालो."

आपण सहावे आलो. पाचव्या फेरीतला डाव तुम्हाला आठवत असेल. धोट्याची बाजू चांगली होती. समोरच्या प्रोग्रॅमनं हत्ती देऊन टाकला, आणि धोट्यानं तो आनंदानं मारला. सहा खेळ्यांनंतर मात. समोरच्यांच्या मशीनला दोन प्रोसेसर होते. त्यांना ती मात दिसत होती, आपल्याला ती दिसण्याआधीच खेळीसाठी ठरलेले वीस सेकंद संपत होते.

परतीच्या एसटीत वाद सुरू झाला. तो अजून संपलेला नाही.

"तू हरली नाय," तुम्ही म्हणालात. "मशीन हरलं. दुसरं मशीन घे."

"चाचा, आठपट वेगवान मशीन घेतलं तरी किती पुढचं दिसेल? प्रत्येक खेळी पुढे जायला सहापट काम वाढतं. म्हणजे जेमतेम एक खेळी आणखी. पद्धत सुधारली तर तीन खेळ्या दिसतील."

"एक खेळी कमी हाय? समोरचा हत्ती देत होता तेव्हा तुला एकच खेळी कमी पडली."

मग तुम्ही कादरभाईंची गोष्ट सांगितलीत. ती तुम्ही पूर्वी कुणाला सांगितली होती की नाही, मला माहीत नाही. तुमच्या वडिलांकडे ते हातमागावर लुगडी विणायचे. "काठाची नक्षी कागदावर नाय, सगळी डोक्यात," तुम्ही म्हणालात. "कुठला धागा कधी उचलायचा, तुज्या धोट्याला घाम फुटेल असा हिशोब. मग समोरच्या गल्लीत चार पॉवरलूम आले. त्यांना काय अक्कल होती? सीधासादा कपडा, धाडधाड धाडधाड. दोन वर्षांत कादरभाई घरी. मी आठ वर्षांचा. आमच्या ओट्यावर नुसता बसलेला असायचा तो, हात मांडीवर ठेवून. आता तू मला सांग, अक्कल जिंकते काय?"

"तो प्रश्न वेगळा आहे."

"तोच हाय."

खिडकीबाहेर बघत मी गप्प बसले. पुढचा तास तुम्हीही त्यावर बोलला नाहीत. ज्याला जिंकण्याची घाई नाही अशा माणसाशी वाद घालणं किती अवघड असतं, ते मला त्या प्रवासात कळलं.

पुढचं वर्ष मी पद्धतीवर घालवलं. आधी तपासलेली मांडणी लक्षात ठेवायची, म्हणजे तीच फांदी पुन्हा चढावी लागत नाही. आशादायक खेळ्या आधी बघायच्या, म्हणजे बाकीच्या लवकर छाटता येतात. आणि सगळ्यात गुणकारी युक्ती ही की विचार करताना आपली खेळी मुद्दाम सोडून द्यायची. लागोपाठ दोनदा खेळायला मिळूनही समोरच्याला काही साधत नसेल, तर आपली बाजू भक्कम आहे. ती फांदी आणखी बघण्याची गरज नाही. हे मी समजावलं तेव्हा तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात.

"आपली पाळी सोडून द्यायची? कोण खेळतो असा?"

"खेळायचं नाही चाचा, फक्त तसं धरून चालायचं. पाळी असणं हा नेहमी फायदाच असतो."

"नेहमी?" तुम्ही पटावरची सगळी मोहरी बाजूला सारलीत. दोन राजे आणि एक प्यादं एवढंच ठेवलंत. "आता काळ्याची पाळी. हल."

कुठेही हललं तरी काळा हरत होता. पाळी नसती तर बरोबरी होती. डावाच्या अखेरीस, मोहरी थोडी उरल्यावर, हलावं लागणं हाच तोटा ठरू शकतो. माझी युक्ती तिथे उलटी पडत होती. मी घरी जाऊन ती अखेरच्या टप्प्यापुरती बंद केली, आणि धोटा त्या दिवसापासून निराळा खेळायला लागला.

कॉलेजच्या प्रकल्पाच्या अहवालात ही सुधारणा नोंदवताना मी लिहिलं, "एका अनुभवी खेळाडूनं निदर्शनास आणल्याप्रमाणे." तुमचं नाव लिहिलं नाही. लूमच्या मालकाचं नाव वाचून परीक्षक हसतील, असं मला वाटलं होतं. अहवाल तुम्ही मागून घेतला होतात आणि पानं उलटली होतीत. ते वाक्य तुम्ही वाचलंत की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

वाद मिटवायचा प्रयोग आपण दोघांनी मिळून ठरवला. कापडाच्या डिझाइनसाठी तुम्ही नवं मशीन घेतलं होतं. त्यावर वर्षापूर्वीचा, स्पर्धेत हरलेला जुना धोटा बसवायचा. ती तुमची बाजू, यंत्र. माझ्या जुन्या, आठपट मंद मशीनवर नवा धोटा बसवायचा. ती माझी बाजू, पद्धत. दोन्ही एका केबलनं जोडायची. प्रत्येक खेळीला वीस सेकंद. शंभर डाव. जो पन्नासच्या वर जाईल, त्याचं खरं.

मशीनं तुमच्या ऑफिसात ठेवायची, हा निर्णय माझा. खारबावला वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता; तुमच्याकडे निदान जाण्या-येण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या. ऑफिस आणि लूम यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत आहे आणि ती छतापर्यंत पोचत नाही. हे मी दहा वर्षं पाहत आले होते. त्या मोकळ्या जागेतून रुई उडत येते आणि संध्याकाळपर्यंत टेबलावर, पटावर, वजिराच्या डोक्यावर बसते, हेही पाहत आले होते. तरीही ते मला दिसलं नाही.

दारावर मी कागद चिकटवला: "प्रयोग सुरू आहे. आत येऊ नये. यंत्रांना हात लावू नये." पहिल्याच शुक्रवारी तुम्ही हातात ब्लोअर घेऊन दारात उभे राहिलात. शुक्रवारी सगळ्या लूमना हवा मारून रुई उडवायची, हा तुमचा नेम. तुमच्या कारखान्यातलं कुठलंही यंत्र त्यातून सुटत नसे.

"ह्यांना पण मारू काय थोडी?"

"नको, चाचा. मध्येच बंद केलं, हलवलं तर प्रयोग बिघडेल. परिस्थिती बदलता कामा नये."

"परिस्थिती," तुम्ही म्हणालात. त्या शब्दाला तुम्ही लावलेला सूर मला अजून ऐकू येतो. मग तुम्ही कागदाला सलाम केलात आणि गेलात. त्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी ब्लोअरचा आवाज प्लायवूडपर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा.

पहिल्या अठरा डावांत पद्धत साडेनऊ, यंत्र साडेआठ. त्यानंतर माझी बाजू पुढे सरकू लागली. तिसाव्या डावाला मी चार गुणांनी पुढे, चाळिसाव्याला नऊ गुणांनी. तुमची तब्येत तोवर बिघडली होती. तुम्ही घरीच असायचात. मी कारखान्यातून निघाले की तुमच्याकडे यायचे, आकडा सांगायचे आणि तुम्ही हसून म्हणायचात, "अजून साठ बाकी हायेत." पुढे पन्नास, पुढे चाळीस.

गुरुवार, २२ फेब्रुवारीला मी आले तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होतात. रझिया चाची तुम्हाला पेज भरवत होत्या, आणि तुम्ही चमचा हातात द्या म्हणून भांडत होतात. मी म्हटलं, "एकसष्ट डाव. पद्धत साडेएकोणचाळीस, यंत्र साडेएकवीस."

"किती?"

मी पुन्हा सांगितलं.

तुम्ही चाचींच्या हातातला चमचा बाजूला सारलात. "म्हणजे कादरभाई..." एवढंच म्हणालात आणि ते वाक्य तुम्ही पूर्ण केलं नाहीत. मग माझ्याकडे वळलात. "चलो, मान लिया. अक्कल जिंकली. साइंटिस्टला चहा द्या रे कुणीतरी."

तुमचा चेहरा मोकळा दिसत होता. निदान मला तसा दिसला. वादात हरून समाधान पावलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. आठ वर्षांचे असताना ओट्यावर पाहिलेला तो माणूस माझ्या आकड्यामुळे तुमच्या मनात पुन्हा उभा राहिला, असा अर्थ मी लावला. घरी जाताना मी खूश होते. रविवारी सकाळी बाबांनी फोन घेतला आणि रिसीव्हर ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल, भिवंडीला जावाचं हाय."

त्या दिवसाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

९ मार्चला रुईचा तो थर टेबलावर ठेवला आणि मी डावांच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक डावात प्रत्येक मशीन सेकंदाला किती मांडण्या तपासतं, हे धोटा आपणहून लिहून ठेवतो. ते मीच बसवलेलं होतं. तुमचं मशीन पहिल्या डावात सेकंदाला आठ लाख वीस हजार मांडण्या तपासत होतं. एकोणिसाव्या डावात सात लाख साठ हजार. चाळिसाव्यात पाच लाख. एकसष्टाव्यात तीन लाख नव्वद हजार. प्रोसेसर तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच काम कमी करतो. कुठेही सूचना देत नाही, चुकत नाही, फक्त मंद होतो. माझं जुनं मशीन मुळात फारसं तापतच नाही, म्हणून त्याला रुईनं काही झालं नाही.

आकडे पाच आठवडे फाइलमध्ये होते. मी ती फाइल उघडली नाही, कारण मी जिंकत होते. हरत असते तर दुसऱ्याच दिवशी उघडली असती, हे मी खात्रीनं सांगू शकते. कशानं हरलीस ते सांग, असं तुम्ही मला शिकवलं होतंत. कशानं जिंकलीस, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक होती, तरी इथे लिहिते. साडेएकोणचाळीस-साडेएकवीस हा आकडा मी २२ तारखेलाच बंगळूरच्या एका संशोधन संस्थेला पाठवला होता, प्रवेशाच्या अर्जासोबत. एप्रिलमध्ये मुलाखत होती. अर्ज पोचल्याचं पत्र आलं होतं. ९ मार्चला दुपारी एकपर्यंत मी तिथेच बसून विचार केला की हा थर कचऱ्यात टाकला आणि फाइल पुन्हा बंद केली, तर कुणाला कळणार आहे? ज्यांना कळलं असतं ते एकमेव गृहस्थ दफन झाले होते. हा विचार माझ्या मनात आला, तो किती वेळ राहिला याची नोंद माझ्याकडे नाही.

मग मी चाचींकडे गेले. त्या खाली बसून तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्या समोर कागदाची पुडी उघडली.

"रुई हाय," त्या म्हणाल्या. "ह्यात काय बघायचं? माझ्या उशीतसुद्धा निघते."

मी सगळं सांगितलं. जाळी, पंखा, आठ लाख, तीन लाख. चाचा हरले नव्हते, मी त्यांना चुकीचा आकडा सांगितला, आणि ते मान्य करून गेले. चाचींनी सूप बाजूला ठेवलं.

"कुणी मान्य केलं?"

"चाचांनी. तुमच्यासमोरच म्हणाले ना, मान लिया."

"अगो वेडे." चाची हसायला लागल्या. बारा दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "तू दारातून गेलीस न् तो मला बोलला, मशीनला कायतरी झालंय. एवढं खराब खेळत नाय ते. मी बोलले, मग पोरीला सांगायचं ना! तर बोलतो, आज खुश हाय, आज नको. उद्या शुक्रवार हाय, जाऊन हवा मारून बघतो. मी बोलले, तिनं तर कागद लावलाय दारावर. तर बोलतो, कागदाला काय कळतंय!"

"मग गेले नाहीत?"

"मी सोडलाच नाय घराबाहेर. चप्पल घातली होती त्यानं. मी चप्पल लपवून ठेवली." चाचींनी पदरानं डोळे पुसले, पण हसू तसंच होतं. "आयुष्यात हार मानली नाय त्या माणसानं. माझ्याशी कॅरम खेळताना पण सोंगट्या मोजायचा परत परत. तुला काय वाटलं, तुला सोडेल?"

चाचा, त्या क्षणी मला एवढं हलकं का वाटलं, याचं विश्लेषण मी अनेकदा करून पाहिलं आहे. माझी चूक तेवढीच राहिली होती. आकडा तेवढाच खोटा होता. पण माझ्या खोट्या आकड्यावर विसंबून तुम्ही गेला नव्हतात. शेवटच्या शुक्रवारी तुम्ही चप्पल घालून माझ्या निष्कर्षाची तपासणी करायला निघाला होतात. माझ्या कामाचं याहून गंभीर वाचन आजवर कुणी केलेलं नाही. मग त्या गुरुवारी तुमच्या चेहऱ्यावर दिसलेलं ते समाधान कशाचं होतं? कादरभाईंचं, की मी खुशीत होते त्याचं? हे मला आता कळणार नाही. त्याला उत्तर नाही, हे मी मान्य केलं आहे.

त्याच संध्याकाळी मी संस्थेला पत्र लिहिलं. पाठवलेला निष्कर्ष मागे घेत आहे, कारण अमुक, डाव पुन्हा खेळवत आहे. सोबत जोडलेल्या अहवालात "अनुभवी खेळाडू" हे शब्द खोडून तिथे तुमचं नाव लिहिलं, आणि खाली व्यवसाय: यंत्रमागधारक. पोस्टात टाकताना वाटलं की मुलाखत गेली. आठ दिवसांनी उत्तर आलं. तिथल्या प्राध्यापकांनी तीनच ओळी लिहिल्या होत्या. मुलाखत ठरल्याप्रमाणे होईल. दोन्ही सामन्यांचे आकडे घेऊन या. तपमान नोंदवण्याचं का सुचलं नाही, हा पहिला प्रश्न असेल, तयारी करून या. ते पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "ह्यो मानूस तुज्या चाचासारकाच दिसतंय. ताप देनार तुला."

दोन्ही मशीनं आता तुमच्या घरी, वरच्या खोलीत आहेत, लूमपासून दोन गल्ल्या दूर. दर शुक्रवारी डाव थांबवून मी दोघांनाही हवा मारते. ब्लोअर तुमचाच आहे आणि तो धरायला किती जड आहे हे मला आधी माहीत नव्हतं. नोंदीत तपमानाचा रकाना वाढवला आहे. डाव पहिल्यापासून सुरू केले. जुने एकसष्ट रद्द.

चाचींना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांनी बाजू घेतली आहे. परवा मी जिन्यातच होते तर वरून ओरडल्या, "तुजा धोटा परत हरला गो! मी काय नाय केलं, फक्त दुवा मागितली." मी म्हटलं, चाची, यानं प्रयोगाची परिस्थिती बदलते. त्या म्हणाल्या, "मग लाव कागद."

सामना अटीतटीचा चालला आहे. शंभरीला कोण पुढे असेल, मला सांगता येत नाही. मात्र एक हिशेब मला दिसू लागला आहे. गुण जवळजवळ समान पडत आहेत, याचा अर्थ तुमच्या मशीनचा आठपट वेग आणि माझी वर्षभराची मेहनत यांचं वजन साधारण सारखं आहे. तुम्ही म्हणाला असतात, "बघ, तुजं अख्खं वर्ष एका डब्यात आलं." मी म्हटलं असतं, "तुमचा डबा माझ्या डोक्यात मावला." आणि मग बाबांनी टेम्पोचा हॉर्न वाजवला असता.

पण मी आणखी एक गोष्ट म्हटली असती आणि तिच्यावर तुम्ही काय बोलला असतात हे मला खरोखर हवं आहे. एसटीत मी गप्प बसले, त्या प्रश्नाचं हे उत्तर आहे; पोचायला सव्वा वर्ष लागलं. आपण दोघांनी पद्धत आणि यंत्र पटाच्या दोन बाजूंना बसवलं. तुमच्या गल्लीतही तसंच झालं होतं. ते चार पॉवरलूम कादरभाईंच्या समोर लागले, त्यांच्या हाती कुणी दिले नाहीत. ते दिले असते तर त्यांनी त्यावर कसला काठ विणला असता, हा प्रयोग झालाच नाही. म्हणून हा सामना संपला की नवा धोटा मी तुमच्या मशीनवर बसवणार आहे. डिसेंबरमध्ये पुण्याला तोच जाईल. मशीन मांडीवर घेऊन बसायला बाबा तयार झाले आहेत. पाय हलवायचा नाही, ही अट मी त्यांना आधीच सांगितली आहे.

मुलाखत सतरा दिवसांवर आली आहे. मला तिथे प्रवेश हवा आहे, फार हवा आहे. ते लपवण्याचं कारण नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी ठरवलं आहे. तपमान का नोंदवलं नाही? कारण ज्यांना ते विचारायचं सुचलं, त्यांना मी दारावरच्या कागदानं अडवलं.

वरच्या खोलीतून लिहिते आहे. आताच एक डाव संपला. सोमवार, २६ मार्च २००७, दुपारचे चार वाजून पाच मिनिटं. सत्तावन्न डाव पूर्ण. तुमचं यंत्र एकोणतीस, माझी पद्धत अठ्ठावीस. यंत्राचा वेग, सेकंदाला आठ लाख अठरा हजार मांडण्या. तपमान, एकोणपन्नास अंश.